खिडकीकडचं वळण

आमच्या घरात वायर विकत आणायची पद्धत नाही. चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी चोवीस वर्षं गेली, त्यामुळे घरात जे काही बांधायचं, टांगायचं, सांधायचं असेल ते कंपनीत बाद झालेल्या वायरीच्या तुकड्यानं आणि काळ्या टेपनं होतं. बाल्कनीतली कपड्यांची दोरी म्हणजे कुठल्याशा टेम्पोच्या मागच्या दिव्याची वायर आहे. माझ्या चष्म्याच्या दांडीला टेप, झाडूला टेप, कुकरच्या दांड्याला टेप. "मंगळसूत्र तेवढं टेप न गुंडाळता घातलंत, उपकार झाले," असं बायको पाहुण्यांसमोर सांगते आणि सगळ्यांच्या आधी मी हसतो. स्वतःवर हसण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे. त्याचा एक फायदा असतो, दुसऱ्याला फार काही बोलता येत नाही.

आता सांगणार आहे त्यात मात्र हसण्याजोगं थोडंच आहे. वाफेच्या इंजिनाच्या एका मॉडेलला मी असाच वायरीचा बोटभर तुकडा लावला आणि त्यापायी माझ्या वडिलांचा हात गेला. गेला म्हणजे तुटला-बिटला नाही. हात जागेवर आहे. त्याच्यावरचा त्यांचा भरवसा गेला, आणि फिटर माणसाच्या बाबतीत ते एकच.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा मूळचे कुर्डुवाडीकडचे. पोरवयात ते शाळा बुडवून कोळशाची इंजिनं बघायला जात आणि त्यासाठी मास्तरांचा मार खात. पुढं पिंपरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवतात त्या खात्यात, त्यांनी छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. घरात ते कुणाचं कौतुक करत नसत. दहावीचा निकाल दाखवला तेव्हा त्यांनी कागद उजेडाकडे धरून, शाई कुठं फुटलीय का ते बघितलं होतं.

मध्यंतरी कंपनीनं मला पंधरा दिवसांसाठी जर्मनीला धाडलं. तिथं रविवारच्या जुन्या बाजारात एका म्हातारबाच्या टेबलावर ते इंजिन दिसलं. वीतभर लांब, काळं, लाल चाकांचं. नाव वाफेचं, पण चालायचं विजेवर. मागं कोळशाची डबी, जिला रेल्वेवाले टेंडर म्हणतात. सोबत तीन डबे आणि खोकाभर रूळ. मी सगळंच उचललं. बायकोनं अत्तर सांगितलं होतं, त्याला बॅगेत जागा उरली नाही. ते प्रकरण आमच्याकडे अजून मिटलेलं नाही.

आणलं ते अण्णांच्या हौसेसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला होता. कप बशीत वाजायचा. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, पण हात कामात ठेवा. आपल्याला आता जमत नाही असं एकदा यांच्या मनानं घेतलं ना, की हात आणखी लवकर साथ सोडेल." हे ते मला बाजूला घेऊन म्हणाले, अण्णांना नाही.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. एवढं लक्षात असू द्या.

रावेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये अण्णांची खोली ती काय, पलंग, कपाट आणि खिडकी. पलंगासमोर आम्ही प्लायवुडची फळी टाकली. रूळ मात्र अण्णांनी एकट्यानं घातले, कुणाला हात लावू दिला नाही. हाताला कापरं भरलेला माणूस तांदळाएवढे खिळे कसे ठोकतो ते मी दारातून बघायचो. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचे, श्वास सोडायचे, आणि श्वास संपून पुढचा घ्यायच्या आधी जो एक निवांत क्षण असतो त्यात खिळा बसवायचे. दिवसाला चार खिळे. कधी तीन. प्रत्येक सांधा कानशीनं घासायचे आणि वरून अंगठ्याचं नख फिरवून बघायचे. "नखाला लागलं न्हाई म्हंजी चाकाला लागत न्हाई," असं म्हणायचे. दाराकडचं वळण ऐसपैस होतं. खिडकीकडे कपाट आडवं येत होतं, म्हणून तिथलं वळण त्यांना आखूड घ्यावं लागलं. तेवढ्या एका वळणाला त्यांना पंधरवडा लागला.

गाडी सुरू झाली त्या गुरुवारी आमच्याकडे शिरा झाला. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी असते, रविवार तुमचा. गाडीनं फेरीवर फेरी मारली. अण्णा गालातल्या गालात हसत होते. कप बशीत वाजायचा कमी झालाय, असं बायको म्हणाली, आणि मलाही तसं वाटलं.

दोनेक महिने असेच बरे गेले. मग इंजिन अडखळायला लागलं. चालता चालता थबकायचं, ढकललं की पुन्हा चालायचं. मल्टिमीटर लावला आणि दोष लगेच सापडला. हे इंजिन रुळातली वीज टेंडरच्या चाकांतून घेतं आणि तिथून दोन बारीक वायरींनी ती पुढं इंजिनातल्या मोटरला जाते. त्यातली एक आतून तुटली होती. वायर कसली, केस होता केस. मला राग आला. चोवीस वर्षं मी माणसांना वायरिंग कसं करावं हे शिकवतोय, आणि जर्मनीचे लोक असलं काम करतात?

मी काय केलं असेल? गाडीच्या हेडलाइटला जाते ती वायर घेतली. दोन तुकडे कापले, व्यवस्थित सोल्डरचे डाग दिले, वर स्लीव्ह चढवली, दोन्ही मिळून टेप गुंडाळला. कंपनीत तपासणीला ठेवला असता तर पहिल्या फटक्यात पास झाला असता. मी तो जोड अण्णांसमोर ओढून दाखवला.

"इंजिन तुटेल अण्णा, हे तुटायचं नाही."

अण्णांनी तो चिमटीत धरून बघितला. "जाड न्हाई का झालं, रं?"

"अण्णा, रूळ तुमचे, वायरिंग माझं. ते माझ्याकडं सोडा."

"बरं," अण्णा म्हणाले. दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही, हा टूलरूमचा शिरस्ता.

गाडी फुल करंट घेऊन सुसाट सुटली आणि खिडकीकडच्या वळणावर टेंडर घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. सरळ रुळावर ठीक, दाराकडच्या वळणावर ठीक, खिडकीकडं आली की टेंडरचं पुढचं चाक रुळावर चढायचं आणि पाठोपाठ तिन्ही डबे आडवे.

मी म्हणालो, "वळणात काहीतरी आहे."

हे मी किती सहज म्हणालो ते आता आठवलं की कानशिलं तापतात. आदल्या आठवड्यापर्यंत त्याच वळणावरून तीच गाडी दोन महिने बिनघोर गेली होती. मधे बदललेली गोष्ट एकच होती आणि ती मी बदलली होती. पण आपण पास केलेल्या मालावर संशय घ्यायची सवय आमच्या लायनीत कुणालाच नसते.

अण्णा आठ दिवस त्या वळणाशी झटले. नख फिरवलं, भिंग लावून बघितलं, खिळे काढून पुन्हा ठोकले. काढताना हात जास्त थरथरायचा, त्यात एक रूळ किंचित वाकला, तो त्यांनी सरळ केला. तरी टेंडर घसरतच होता. आठव्या दिवशी जेवताना ते ताटाकडं बघत म्हणाले, "मला काय सापडत न्हाई, बाबा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते ते ताबडतोब आठवायला हवं होतं. मला आठवलं काय, तर कंपनी.

आमच्या कंपनीत माल परत आला की एक तक्ता भरायचा असतो. एका दोषाला पाच वेळा 'का' विचारायचं. वायर सुटली. का? जोड ढिला होता. का? नीट दाबला नव्हता. असं खाली खाली जात मुळापर्यंत पोचायचं. कागदावर फार शास्त्रीय दिसतं. प्रत्यक्षात डिझाइन परदेशातून आलेलं असतं, त्याला का विचारता येत नाही. मशीन साहेबांनी घेतलेलं असतं, त्यालाही विचारता येत नाही. त्यामुळे पाचवा 'का' हमखास लायनीवरच्या कामगारापाशी येऊन थांबतो, आणि शेवटच्या रकान्यात 'कामगारास समज देण्यात आली' असं लिहून आपण चहाला जायचं. असे तक्ते मी इतके भरलेत की झोपेतही भरीन.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी कागद-पेन घेऊन अण्णांच्या खोलीत बसलो. वर, शपथेवर सांगतो, मला मजा वाटत होती. बापलेक मिळून दोष शोधतायत, किती छान, असं.

"बोला अण्णा. गाडी घसरते. का?"

"चाक चढतंय म्हणून."

"चाक का चढतं?"

"सांध्यात फरक असंल."

"मापू या." अण्णांनी त्यांचा जुना व्हर्नियर, बारीक मापाचं हत्यार, स्वतःच कपाटातून काढून दिला. मी एकेक सांधा मापला. एका ठिकाणी दोन रुळांतलं अंतर अर्धा मिलिमीटर जास्त भरलं. तोच रूळ, जो काढताना वाकला होता. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलोच, "सापडलं! अर्धा मिलिमीटर!"

अण्णांनी व्हर्नियर घेऊन स्वतः मापलं. तीनदा. हात कापत असल्यानं तीनदा वेगळं आलं.

"बरं, अंतर का वाढलं?" मी लिहिता लिहिता विचारलं.

"खिळा तिरका बसला."

"खिळा तिरका का..." मी बोलता बोलता थांबलो. पुढचा रकाना रिकामा होता आणि पेन त्याच्यावर टेकलं होतं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "लिही की. कामगाराची चूक."

"अण्णा, तसं नाही..."

"मग कसं? तुझं बराबर हाय. सही कुठं करू?"

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच पेनासाठी हात पुढं केला होता.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टूलरूममध्ये अण्णांना छत्तीस वर्षांत एकच मेमो मिळाला. एक डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, प्रेसवर तडकली. लावणाऱ्यानं चुकीची लावली होती, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चौकशीला आलेल्या साहेबानं कागदावर 'फिटरची चूक' असं लिहिलं आणि खाली अण्णांची सही घेतली. घरी दोन लहान पोरं होती, अण्णांनी सही केली. दर दिवाळीला फराळ झाला की ही कथा निघायची. कथेतला तो साहेब कसा खुर्चीत रेलून, पेनाचं टोपण चावत 'का? का?' करायचा याची अण्णा नक्कल करत, आणि आम्ही पोरं हसून लोळायचो. त्या साहेबाचा मला लहानपणापासून तिटकारा होता.

बायको दारात पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. तिनं ती टेबलावर ठेवली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तुम्ही अण्णांना मेमो दिलात," ती म्हणाली. मी म्हणालो, "काहीतरीच काय बोलतेस, आमची चेष्टा चालली होती." आणि हसलो. ती हसली नाही.

तरीही मी थांबलो नाही, कारण अर्धा मिलिमीटर तर होताच. त्याच दुपारी मी ते वळण उखडलं. कपाट हातभर बाजूला सरकवलं आणि वळण ऐसपैस करून नवं घातलं. अण्णांनी पंधरा दिवस घातलेलं काम मी जेवण ते चहा एवढ्या वेळात केलं. जुने रूळ वाकडे झाले होते, ते भंगारवाल्याच्या पिशवीत टाकले. गाडी सोडली. एकदाही घसरली नाही.

"बघा अण्णा!"

"झालं बघ," अण्णा म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले.

त्यानंतर ते त्या फळीजवळ फिरकले नाहीत. सोमवारी त्यांनी दाढीचं सामान बेसिनवरून उचलून मला दिलं, न्हावी बोलाव म्हणाले. महिन्याभरात भाकरी सोडली, चमच्यानं खाता येईल असं मागायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. मी रोज कामावरून आलो की म्हणायचो, "आज हात बरा दिसतोय, अण्णा." दिसत नव्हता. पण घरातल्या आजारी माणसाशी एवढं खोटं बोलायचं असतं, असं मला वाटायचं. अण्णा "व्हय, व्हय" म्हणायचे.

मग कंपनीत नव्या मुलामुलींची तुकडी आली. त्यांना पहिला आठवडा मी शिकवतो. विषय होता गाडीच्या दारातलं वायरिंग. दार उघडतं-मिटतं, म्हणून बिजागरीपाशी जी वायर जाते ती बारीक, मऊ आणि थोडी सैल हवी, हे मी अकरा वर्षं तोंडपाठ सांगत आलोय. परभणीकडची एक मुलगी उठली.

"सर, जाड घातली तर मजबूत होईल की. काय बिघडतं?"

"जाड वायर वाकत नाही," मी म्हणालो. "मग दार वळलं की ती स्वतः वळायच्या ऐवजी ज्याला जोडली असेल त्यालाच ढकल..."

पुढचं वाक्य मी पूर्ण केलं की नाही, आठवत नाही. पोरं वहीत लिहीत होती. फळ्यावर मी काढलेलं दार होतं, बिजागरी होती, आणि मला इंजिन दिसत होतं, टेंडर दिसत होता, आणि मधे टेप गुंडाळलेला माझा तो झकास, पहिल्या फटक्यात पास होणारा जोड. आखूड वळणावर इंजिन वळत होतं आणि जोड टेंडरला ढकलून रुळाबाहेर काढत होता. मोठ्या वळणावर कमी वाकावं लागतं, म्हणून माझ्या वळणावर खपून गेलं.

त्या संध्याकाळी मी चपला न काढता अण्णांसमोर उभा राहिलो.

"अण्णा, वायर होती. माझी वायर. तुमचं वळण बरोबर होतं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मायेनं हसले. "बस. पाणी पी."

"खरं सांगतोय, अण्णा."

"अरं, रोज हात बरा दिसतोय म्हणतोस. तसलंच ना हे?"

बायको मधे पडली, "अण्णा, ते खरंच सांगतायत. मला फोनवर पण तेच सांगितलं."

"तू बी लागलीस का त्याच्या नादी?" अण्णा म्हणाले.

मग मला पुरावा लागला. मी गुरुवारी माझं वळण उखडलं, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला प्लायवुडवर पेन्सिलीची रेघ दिसली, जिच्याकडं पहिल्यांदा घाईत माझं लक्षच गेलं नव्हतं. अण्णांनी आखलेलं मूळ वळण. कापऱ्या हातानं आखलेली रेघ बारीक बारीक लाटांची होती, पण लाटांच्या मधून वळण मात्र कुठंही चुकलं नव्हतं. मी अण्णांना म्हणालो, "या रेघेवर तुम्हीच घाला. मी हात लावत नाही." त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला.  मी तो हात किती दिवसांत नीट बघितला नव्हता ते तेव्हा कळलं.

तेव्हा मीच घातलं. दोन गुरुवार लागले. आधी जाड वायरीनं गाडी सोडली, घसरली. मग जुन्या इयरफोनमधली केसासारखी वायर लावली. गाडी अण्णांच्या रेघेवरून अलगद गेली. अण्णा खुर्ची ओढून बघत होते.

"आता पटलं?"

"वायरीचं असंल तुझ्या," अण्णा म्हणाले. "पर माझा अर्धा मिलिमीटर होताच की. मीच मापलाय."

"तेवढ्यानं काही होत नाही, अण्णा. चाललं असतं."

"टूलरूममध्ये चाललं असतं असं काय नसतं."

मी व्हर्नियर घेतला आणि मी आत्ता घातलेल्या वळणाचे सांधे मापून दाखवले. माझा एक सांधा पाऊण मिलिमीटर भरला. मी तो आकडा विजयानं वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं काम वाईट निघाल्याचा आनंद झाला होता.

"तुझं काय," अण्णा म्हणाले, "तू वायरिंगवाला."

मी व्हर्नियर मिटून कपाटात ठेवला.  त्यांचं वळण मी भंगारात घातलं, आणि आता मी कितीही वेळा तेच वळण घातलं तरी ते माझ्याच हातचं असणार.

गाडी आता चालते. गुरुवारी मी ती सोडतो, अण्णा खुर्चीत बसून बघतात आणि मधून मधून "शाबास" म्हणतात. निकालाचा कागद उजेडाला धरणारा माणूस, आता प्रत्येक फेरीला मला शाबासकी देतो. मी मान खाली घालून इंजिनात तेल घालतो.

गेल्या गुरुवारी त्यांना डॉक्टरांकडं न्यायचं होतं. मी बाहेर चपला घालत होतो, अण्णा खोलीतून अंगातला सदरा तसाच उघडा ठेवून आले आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले, लहान मूल राहतं तसे.

"एवढी बटणं लाव," ते म्हणाले. "तुझा हात बरा हाय."

मी बटणं लावली. वरचं एक चुकीच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावावं लागलं.